शब्दसूची नको, शब्दांच्या जोड्या द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी आणि लॅब टेक्निशियनच्या पहिल्या वर्षातल्या मुलांसाठी आपल्या आरोग्य पुरवणीत वैद्यकीय शब्दांची एक लांबलचक सूची छापून आली आहे. कल्पना चांगलीच आहे. पहिलं वर्ष या मुलांना अभ्यासापेक्षा शब्दांनीच जास्त छळतं. ते पान कापून वहीत चिकटवणारी मुलं नक्की असणार, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

सूचीत काही चुका आहेत, त्या पुढे सांगतेच. पण मूळ घोटाळा ती अकारविल्हे लावण्यात आहे. 'अँटिसेप्टिक' पहिल्या रकान्यात, 'डिसइन्फेक्टंट' मधल्या आणि 'स्टरिलायझेशन' पार शेवटच्या, आणि तिघांसमोर अर्थ जवळपास एकच : जंतू नष्ट करणे. मुलगा तिन्ही शब्द पाठ करणार आणि ते एकच आहेत असं समजून वॉर्डात जाणार. या विषयातला शब्द एकटा शिकता येत नाही, त्याची हद्द शेजारच्या शब्दाला लागलेली असते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते तेव्हा (आता निवृत्त आहे) फळ्यावर शब्द जोडीने किंवा तिकडीने लिहायचे, मधे उभी रेघ ओढायचे आणि विचारायचे : अलीकडे असताना तुम्ही काय कराल, आणि पलीकडे असताना काय? दोन्हीकडे उत्तर तेच आलं, तर त्यातला एक शब्द खुशाल पुसून टाकावा.

आधी वरच्या तिघांचंच घेते, कारण तो गोंधळ पसरवण्यात वर्तमानपत्रांचा हात मोठा आहे. करोनाच्या काळात रस्त्यांचं, बसगाड्यांचं, जिन्यांचं 'निर्जंतुकीकरण' केल्याच्या बातम्या रोज यायच्या. रस्ता निर्जंतुक होत नसतो. निर्जंतुकीकरण म्हणजे स्टरिलायझेशन, म्हणजे त्या वस्तूवर एकही जिवंत सूक्ष्मजीव उरलेला नाही, जिवाणूंचे चिवट बीजाणूसुद्धा (कवचात झोपलेलं त्यांचं रूप) नाहीत. त्यात 'बऱ्यापैकी' हा प्रकार नाही. रस्त्यावर झालं ते फार तर डिसइन्फेक्शन : निर्जीव वस्तूवरच्या रोगकारक जंतूंची संख्या इतकी खाली आणायची की त्यांचा उपद्रव होऊ नये. बीजाणू त्यातून सहसा निसटतात. तेच काम जिवंत कातडीवर किंवा जखमेवर केलं की ते अँटिसेप्सिस. इथे नुसता शब्द बदलत नाही, बाटली बदलते. फरशी पुसायच्या ताकदीचं हायपोक्लोराइट कातडीला लावलं तर जंतूंबरोबर कातडीही जाते. आणि या तिघांच्याही आधी येतं ते साधं धुणं, घासणं. ते आपल्या सूचीत नाहीच. कात्रीच्या सांध्यात रक्त वाळून बसलं असेल तर त्याखालच्या जंतूंपर्यंत ना वाफ नीट पोचते ना औषध.

ऑटोक्लेव्हचे, म्हणजे वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे, आकडे मुलं घडाघडा म्हणतात : १२१ अंश सेल्सिअस, चौरस इंचाला १५ पौंड दाब, १५ मिनिटं. मग मी विचारायचे, जंतू मारतं कोण, दाब की उष्णता? निम्मा वर्ग म्हणायचा, दाब. दाब काही मारत नाही. दाबामुळे वाफेचं तापमान शंभराच्या वर चढतं, तेवढ्यापुरताच तो. म्हणून तर सुरुवातीला आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची असते. हवा कोंडून राहिली की काटा मुकाट १५ पौंड दाखवतो आणि आतलं तापमान १२१ ला पोचलेलंच नसतं. आत ठेवलेल्या उपकरणांच्या गठ्ठ्यावर चिकटवलेल्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे गठ्ठा तापला, इतकंच कळतं. तो स्टराइल झाला की नाही हे विचारायचं तर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूच्या बीजाणूंना विचारावं लागतं. वाफेला हे बीजाणू फार दाद देत नाहीत. त्यांची कुपी गठ्ठ्याबरोबर आत ठेवायची, बाहेर काढून ५५ ते ६० अंशांवर उबवायची, आणि काही उगवलं नाही तरच यंत्रावर विश्वास ठेवायचा.

याच शब्दांची हद्द सगळ्यात स्वच्छ दिसते ती २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडच्या ट्रेमध्ये. एंडोस्कोप वीस मिनिटं बुडवला तर ते वरच्या दर्जाचं डिसइन्फेक्शन. त्याच ट्रेत, त्याच द्रावणात एखादं उपकरण दहा तास राहिलं तर स्टरिलायझेशन. द्रावण एकच, मधे फक्त घड्याळ. उपकरण आधी घासून धुतलेलं नसेल तर मात्र दोन्ही शब्द खोटे. हाताला चोळायच्या अल्कोहोलचंही असंच आहे. ७० टक्के अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा चांगलं काम करतं, कारण प्रथिनं गोठवायला थोडं पाणी लागतं. पण बीजाणूंवर त्याचा काही इलाज चालत नाही. म्हणून क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या बीजाणू करणाऱ्या जिवाणूमुळे जुलाब होणाऱ्या रुग्णाकडून बाहेर आल्यावर साबण आणि वाहतं पाणीच हवं. 'अल्कोहोलने हात निर्जंतुक होतात' हे वाक्य पाठ केलेली मुलगी तिथे बाटली दाबून मोकळी होईल, आणि तिची काही चूक नसेल.

दुसरी तिकडी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आपल्या सूचीत तिच्यातला एकच शब्द आला आहे, 'इन्फेक्शन'. समोर लिहिलं आहे : शरीरात जंतूंचा प्रवेश. असं असेल तर जन्मल्यापासून आपण सगळेच आजारी. मोठ्या आतड्यात जिवाणूंचा सुकाळ असतो, कातडीवर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस सुखाने नांदतो, आणि त्यामुळे आपलं काही बिघडत नाही. याला कोलोनायझेशन म्हणायचं : जंतू तिथे राहतात, वाढतात, पण ऊतींना इजा करत नाहीत. ते ऊतींमध्ये घुसले, वाढले आणि शरीराने त्यांच्याशी झुंज सुरू केली की ते इन्फेक्शन. आणि जंतू रुग्णाच्या त्या जागी नव्हतेच, नमुना घेताना सुईबरोबर किंवा बाटलीतून आले, तर ते कंटॅमिनेशन. लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर तिन्ही सारखेच उगवतात. प्लेट बघून कळत नाही, विचार करून कळतं.

लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं, हे त्याचं उत्तम उदाहरण. मिलिलिटरचा हजारावा भाग उचलणाऱ्या लूपने नमुना प्लेटवर ओढायचा आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचा. सकाळी मॅकॉन्की अगारवर (जंतूंचं खाद्य असलेल्या जेलीवर) गुलाबी, सपाट कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, दिसल्या की लॅक्टोज ही साखर फोडणारा कुणीतरी आहे, बहुधा ई. कोलाय. आता मोजायचं. शंभर कॉलनी आल्या तर हजाराने गुणून मिलिलिटरला एक लाख. हा एक लाख म्हणजे परंपरेने चालत आलेली सीमारेषा. पण त्याच प्लेटवर गुलाबी, पांढऱ्या, पसरट अशा तीन-चार जातींच्या कॉलनी मिसळून आल्या, तर दोष बहुतेक नमुना घेण्यात असतो. आधीची धार सोडून मधली धार घ्या हे रुग्णाला कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरं, नमुना खिडकीत किती वेळ ठेवला होता? सगळं मनासारखं मिळालं तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. लघवीत तो इतका वेग धरत नाही, तरी दुपारपर्यंत पडून राहिलेल्या बाटलीतला लाखाचा आकडा रुग्णाचा मानायचा की खिडकीचा?

बरं, नमुना चोख घेतला, वेळेत पोचवला, एकाच जातीचा जंतू एक लाखाच्या वर आला, तरी इन्फेक्शन म्हणायची घाई नको. जळजळ नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही, तर याला लक्षणांविना बॅक्टेरियुरिया म्हणतात. गर्भारपणात आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधी त्यावर औषध देतात, एरवी बहुधा देत नाहीत. बरेच दिवस कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या रुग्णाच्या लघवीत तर काही ना काही उगवतंच. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, हे खरंच. पण 'युरिन इन्फेक्शन' हे दोन शब्द फाइलवर पहिल्यांदा कुणी लिहिले ते पाहा. ड्यूटीवरच्या कुणीतरी रिपोर्ट वाचून लिहिलेले असतात, आणि एकदा लिहिले गेले की पुढचे सगळे तेच उतरवत जातात.

रक्ताच्या कल्चरमध्येही हेच. दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेतलं आणि एकाच जागेच्या बाटल्यांत, म्हणजे एकाच सेटमध्ये, कातडीवरचा स्टॅफिलोकोकस आला, तर तो बहुधा सुईबरोबर आत आलेला. मात्र मोठ्या शिरेत नळी असलेल्या किंवा हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णात तोच जंतू दोन्ही सेटमध्ये आला तर कान टवकारायचे. जंतूचं नाव वाचून निकाल देता येत नाही. नमुना कुठला, किती वेळा उगवला, रुग्ण कोण, हे सगळं त्या शब्दाच्या अर्थातच धरलेलं आहे. त्याला लागूनच बॅक्टेरेमिया आणि सेप्सिस. रक्तात जिवाणू सापडणं म्हणजे बॅक्टेरेमिया. दात घासतानाही तो क्षणभर होऊ शकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच ताळतंत्र सोडतो आणि त्यातून अवयव निकामी व्हायला लागतात, जीव धोक्यात येतो. २०१६ सालच्या व्याख्येत भर अवयवांवर आहे. सेप्सिसच्या रुग्णाचं ब्लड कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं. आपण सेप्सिससमोर 'रक्तात जंतू होणे' असं छापलं आहे, ते तेवढं बदला.

थुंकीबद्दल एक सांगायलाच हवं. क्षयरोगाच्या तपासणीसाठी रुग्णाला आपण 'थुंकी द्या' म्हणतो, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे थुंकतो. आपल्याला लाळ मिळते. हवा असतो तो छातीतून खोकून काढलेला बेडका. हा शब्द उच्चारायला शिकल्यासवरल्यांना संकोच वाटतो, पण रुग्णाला तोच लगेच कळतो आणि खोल खोकून तो नेमकं हवं ते देतो. बेडक्याचं साधं कल्चर लावायच्या आधी आलेला नमुना लायकीचा आहे का, हे सूक्ष्मदर्शकाच्या कमी ताकदीच्या भिंगाखाली दिसतं. एका क्षेत्रात तोंडातल्या चपट्या पेशी दहाच्या वर दिसल्या की ती लाळ, नमुना परत मागवायचा. पू-पेशी भरपूर आणि चपट्या पेशी मोजक्या असतील तर पुढे जायचं. मी 'बेडका' म्हटल्यावर वर्ग हसायचा. हसू दे, लक्षात राहतं.

आता असे शब्द, जे एकच दिसतात आणि आत चार निघतात. 'पॉझिटिव्ह' घ्या. ग्रॅम पॉझिटिव्ह, कल्चर पॉझिटिव्ह, एचआयव्ही पॉझिटिव्ह, फॉल्स पॉझिटिव्ह. नातेवाइकांना 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' हे ऐकून हायसं वाटलेलं मी पाहिलं आहे. ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये चांगलं-वाईट काही नाही, असणं-नसणंही नाही. स्लाइड रंगवताना जिवाणूने जांभळा रंग धरून ठेवला, इतकंच. आधी जांभळं क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, मग गुलाबी सॅफ्रानिन. पेप्टिडोग्लायकॅनची जाड भिंत असलेले जिवाणू जांभळे राहतात, पातळ भिंतीचे धुतले जाऊन गुलाबी होतात. हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, ती फुप्फुसाच्या ऊतींमधले जिवाणू नीट दिसावेत म्हणून. सॅफ्रानिनची भर नंतरच्यांची. हे सांगण्याचं कारण असं की दरवर्षी एखादं तरी मूल विचारायचंच : मॅडम, ग्रॅम म्हणजे वजनाचा ना? या सगळ्यातली सगळ्यात नाजूक पायरी अल्कोहोलची. स्लाइडवर ते काही सेकंद जास्त राहिलं की पॉझिटिव्हसुद्धा गुलाबी होतात आणि रिपोर्ट उलटा जातो. म्हणजे 'ग्रॅम निगेटिव्ह' हे दोन शब्द छापायच्या आधी स्लाइड कुणी आणि कशी धुतली हे विचारायला जागा आहे.

'सेन्सिटिव्ह' याहून धोक्याचा. लॅबच्या रिपोर्टवर 'पेनिसिलिन : सेन्सिटिव्ह' असेल तर अर्थ असा की या जंतूवर पेनिसिलिन चालेल. फाइलच्या पहिल्या पानावर कुणी 'पेनिसिलिन सेन्सिटिव्ह' लिहून ठेवलं असेल तर बहुधा त्याला म्हणायचं असतं की रुग्णाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, देऊ नका. शब्द तेच, हुकूम उलटा. म्हणून फाइलवर सरळ 'अ‍ॅलर्जी' लिहा, लाल शाईने. तिसरी सेन्सिटिव्हिटी चाचणीची असते : आजार असलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती पकडते. आता सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटबद्दल थोडं. म्यूलर-हिंटन अगारवर औषधांच्या चकत्या ठेवतात, त्यांच्याभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. ज्याचं वर्तुळ मोठं ते औषध भारी, असं नवशिके हमखास समजतात. तसं नसतं. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या गतीने पसरतं आणि प्रत्येकाची सीमा वेगळी ठरलेली असते. एकाचं २० मिलिमीटरचं वर्तुळ नापास आणि दुसऱ्याचं १५ चं पास, असं होऊ शकतं. तक्त्याशिवाय वर्तुळाला अर्थ नाही. रिपोर्टवरचं 'आय' हे अक्षरही आता जपून वाचावं लागतं. पूर्वी ते 'मधलं, धड ना इकडे ना तिकडे' असं वाचत. युरोपात हे निकष ठरवणाऱ्या युकास्ट या समितीने २०१९ पासून त्याचा अर्थ 'औषध जास्त प्रमाणात पोचवलं तर चालेल' असा केला आहे. लॅब कुणाचे निकष वापरते हे ठाऊक नसेल तर ते एक अक्षरही वाचता आलं असं म्हणता येत नाही.

आपल्या सूचीतली सगळ्यात मोठी चूक 'अँटिबायोटिक रेझिस्टन्स'समोर आहे : शरीराला औषधाची सवय होऊन ते लागू न पडणे. कृपा करून हे दुरुस्त करा. सवय शरीराला होत नाही. जंतू औषधाला पुरून उरतो. हा फरक शब्दच्छलाचा नाही. शरीराला सवय होते असं मानणारा म्हणतो, मी तर कधी अँटिबायोटिक घेतलंच नाही, मला कसली भीती? आणि शेजारच्या खाटेवरून, कुणाच्या तरी न धुतलेल्या हातांवरून त्याच्याकडे आलेला जंतू मात्र आधीच तयार होऊन आलेला असतो. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक वापरात आलं १९५९ साली, आणि त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस १९६१ मध्ये नोंदवला गेला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या पेनिसिलिनने जंतू कसे निर्ढावतील ते सांगून ठेवलं होतं. त्यात मराठीत 'रोगप्रतिकारशक्ती' आणि 'औषधप्रतिकार' या दोन शब्दांची तोंडं सारखी. पहिली आपली, दुसरी जंतूची. ही जोडी शेजारी-शेजारी छापली तर निम्मं काम होईल.

'अ‍ॅक्यूट'ला आपण 'तीव्र' म्हणता. मीही म्हणायचे, सगळेच म्हणतात, पण मग 'सिव्हिअर'लाही तीव्रच म्हणावं लागतं आणि गाडी अडते. अ‍ॅक्यूट हे काळाबद्दल आहे : अचानक आलं, थोड्या दिवसांचं. सर्दी अ‍ॅक्यूट असते आणि सौम्यही. जुनाट आजार गंभीरच असेल असं नाही आणि सौम्यच असेल असंही नाही. इथे मुलांनी सरळ अ‍ॅक्यूट आणि सिव्हिअर म्हणावं, माझी काही हरकत नाही. भाषेचा अभिमान मला आहे, पण तो औषधाच्या तक्त्यावर मिरवायचा नसतो.

आजाराच्या नावाच्या शेवटी येणारं 'आयटिस' म्हणजे जंतुसंसर्ग, हेही चूक. आयटिस म्हणजे दाह. दाह जंतूंमुळे होतो तसा जंतूंशिवायही होतो. संधिवाताभ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) झालेल्या सांध्यात जंतू शोधत बसलात तर बसूनच राहाल, आणि पॅनक्रियाटायटिसमागे (स्वादुपिंडाच्या दाहामागे) बहुतेकदा पित्ताचे खडे किंवा दारू असते. दाहाची लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात लिहून ठेवली. सूज ही त्या चारांतली एक. हृदय थकलेल्या रुग्णाच्या पावलावर अंगठा दाबला की खळगा पडतो, तीही सूजच, पण तिथे लाली नाही, उष्णता नाही, दाह नाही. ती नुसतं पाणी साठल्याची. एका सूजेला सूजेवरच्या गोळ्या, दुसरीला लघवी वाढवणारं औषध.

'हायपर' आणि 'हायपो' यांबद्दल एवढंच : फोनवर हे दोन्ही शब्द वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोलच्या दरम्यान असतं. वर गेलं तरी हृदयाची लय बिघडते, खाली आलं तरी बिघडते, आणि उपाय नेमके उलटे. गजबजलेल्या वॉर्डात 'हायपोकॅलेमिया' (पोटॅशियम कमी) आणि 'हायपरकॅलेमिया' (पोटॅशियम जास्त) सारखेच ऐकू येतात. आकडा सांगायचा आणि ऐकणाऱ्याकडून तो परत म्हणवून घ्यायचा.

मुलांना हे जमत नाही असं मुळीच नाही. परीक्षा त्यांना हे विचारत नाही. 'व्याख्या लिहा, गुण २' असा प्रश्न असतो आणि व्याख्या गाइडमध्ये असते. मी अंतर्गत परीक्षेला वेगळं विचारायचे. एक रिपोर्ट छापून द्यायचे : रुग्णाला आठवड्यापासून कॅथेटर, ताप नाही, तक्रार नाही, लघवीत ई. कोलाय एक लाखाच्या वर. डॉक्टरांना फोन करताना तुम्ही काय सांगाल? पाठांतरवाले 'युरिनरी ट्रॅक्ट इन्फेक्शन'ची व्याख्या लिहून मोकळे व्हायचे. काही जण नमुना पिशवीतून घेतला की नळीच्या पोर्टमधून, ते विचारायचे. एका मुलीने लिहिलं होतं की आधी विचारीन, या रुग्णाला कॅथेटर अजून हवा आहे का. कुठलाच अवघड शब्द न वापरता तिला विषय कळला होता. बाहेरून आलेल्या तपासनिसांनी 'व्याख्या नाही' म्हणून तिचा एक गुण कापला, त्यावर आमची थोडी वादावादीही झाली.

तर माझी मागणी मोठी नाही. सेप्सिस, आयटिस आणि रेझिस्टन्स यांची दुरुस्ती येत्या पुरवणीत छापावी, आणि तीही पहिल्या सूचीइतक्याच ठळक अक्षरांत. पुढचा भाग लसीकरणावर येणार असं आपण म्हटलं आहे. त्यात टॉक्सिन, टॉक्सॉइड आणि अँटिटॉक्सिन ही तिकडी एकत्र द्या. टेटॅनसमध्ये जिवाणू जखमेतच बसून राहतो, शरीरभर फिरतं ते त्याचं विष, टॉक्सिन. तेच विष फॉर्मलिनने निष्प्रभ केलं की टॉक्सॉइड. ते टोचल्यावर शरीर स्वतः प्रतिपिंडं बनवायला शिकतं, पण त्याला वेळ लागतो. अँटिटॉक्सिन म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती तात्काळ काम करतात, पण काही आठवड्यांत ओसरतात, आणि चेतापेशीला आधीच चिकटलेल्या विषाचं काही करू शकत नाहीत. म्हणून लस न घेतलेला माणूस मातीने भरलेली जखम घेऊन आला की दोन्ही द्यावी लागतात, वेगवेगळ्या सिरिंजने, वेगवेगळ्या जागी. टेटॅनस होऊन बरा झालेल्यालाही लस घ्यावीच लागते, कारण आजार होण्यापुरतं विष इतकं कमी लागतं की शरीराला त्याची ओळखच पटत नाही. हे सगळं एका रकान्यात बसत नसेल तर 'अ'पासूनचे आठ-दहा शब्द गाळलेत तरी कुणाचं काही अडणार नाही.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका